नरसय्याचा आवाज ऐकायला

सिरसिल्ल्याला हौसेने कोणी जात नाही. तेलंगणातलं यंत्रमागांचं गाव ते. तिथे थंड हवा नाही, समुद्र नाही, आणि फोटो काढून चारचौघांत मिरवावं असंही फारसं काही आमच्या नजरेस पडलं नाही. आम्ही गेलो होतो ते एका माणसाचा आवाज ऐकायला. आल्यापासून जो तो विचारतो, "कशी झाली ट्रिप?" मी सांगायला लागले की माझाच आवाज चढतो आणि समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो. म्हणून लिहून काढते आहे. कागद तरी मध्येच "जाऊ दे ना, आत्या" म्हणणार नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ. मी मुलुंडला एकटी राहते, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. दादा घाटकोपरला भटवाडीत असतो, वहिनी आणि मुलगा संदेश यांच्याबरोबर. आम्ही मूळचे कणकवलीकडचे परब. दादा तरुणपणी परळच्या गिरणीत साचेखात्यात होता. साचे म्हणजे माग. एका छपराखाली ओळीने साचे धडधडत असले की शेजारच्या माणसाने कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे साचेवाले एकमेकांशी हातांनी आणि ओठांनी बोलायचे. मुकादम येतोय, धागा तुटला, बायको माहेरी गेली, सगळं हातांनी. पुढे गिरणी बंद झाली, साचे भंगारात गेले, आणि दादाचे कान हळूहळू त्यांच्या मागोमाग गेले.

दादाच्या शेजारच्या साच्यांवर नरसय्या होता. जातीचा विणकर, घरात तेलुगू बोलणारा, उंचापुरा गडी. ऐन जवानीची सगळी वर्षं हे दोघे शेजारी उभे राहून पाळीभर बोलले. पाळी सुटली की हा लालबागकडे, तो वरळीकडे. यंदा एका लग्नात गिरणीतला जुना सोबती भेटला. त्याने सांगितलं की नरसय्या मुलाकडे सिरसिल्ल्याला असतो, पडून मांडीचं हाड मोडलंय, खाटेवरून उठत नाही. घरी आल्यावर दादा खुर्चीत टेकला. मग म्हणाला, "नंदा, माका तेचो आवाज आठवना नाय गो. आठवतलो खयसून? कधी नीट आयकूकच नाय."

सगळी जवानी ज्याच्याशी बोलण्यात गेली त्याचा आवाज माहीत नाही. मला हे इतकं लागलं की मी तिथेच ठरवलं, दादाला कान घ्यायचे आणि सिरसिल्ल्याला न्यायचं.

पार्ले पूर्व

प्रवासवर्णन विमानापासून सुरू करतात, पण आमचा प्रवास पार्ल्याच्या एका कानाच्या यंत्रांच्या दुकानात सुरू झाला. स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, काचेचा दरवाजा, आत गारेगार. टाय लावलेला विक्रेता आमच्यापुढे दोन चिमुकली यंत्रं ठेवून म्हणाला, "मॅडम, हे लेटेस्ट. यात ए.आय. आहे."

"ते काय करतं?"

"शिकतं."

"काय शिकतं?"

"काकांची लाइफस्टाइल."

दादाची लाइफस्टाइल म्हणजे सकाळी पाव आणायचा, संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसायचं. ते शिकायला यंत्राला कितीसा वेळ लागणार? मी विचारलं, "याला बटण कुठे आहे? चालू-बंद करायचं?"

तो असा हसला की जणू मी रॉकेल कुठे भरायचं ते विचारलं होतं. "बटण जुन्या मॉडेलला असायचं. हे सगळं ऑटोमॅटिक."

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की विजेच्या मंडलात स्विच असतो. स्विच म्हणजे माणसाच्या हातात असलेली सत्ता. हल्ली प्रत्येक वस्तूचं बटण काढून घेतात, वर तीच सुधारणा म्हणून विकतात. पंख्याला रिमोट, गिझरला ॲप, आणि घरातली म्हातारी माणसं अंधारात भिंत चाचपत बसलेली. पण दादाने तोपर्यंत यंत्रं कानांत घातली होती. बाहेर रस्त्यावर आलो, रिक्षांचे हॉर्न, कावळे, कोणाच्या तरी चपलांची फटफट. दादा फुटपाथवर थांबला आणि म्हणाला, "इतको आवाज असता?" मग कितीतरी वेळ नुसता हसत होता. त्या हसण्यापुढे मी बटणाचा मुद्दा सोडून दिला. सोडायला नको होता.

यंत्रांबरोबर एक डबी मिळाली, साबणाच्या डबीएवढी. त्यात यंत्रं ठेवली की चार्ज होतात. या डबीकडे लक्ष असू द्या, सगळा घोटाळा तिच्यापाशी आहे.

भटवाडी

वहिनीच्या घरात उघडी वस्तू राहू शकत नाही. टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबरबँड. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या बायकांची ही रीत आहे. वस्तू एकदाच येते, ती पुढच्या पिढीपर्यंत नवी दिसली पाहिजे. वहिनीने ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाची डबीला झकास खोळ शिवली, गुलाबी, वर पिवळी फुलं. डबीच्या तळाला एक स्टिकर होता. त्याचा चिकटा खोळीला लागेल म्हणून खोबरेल चोळून, नखाने खरवडून तो काढून टाकला. डबी लखलखीत झाली. मीही "छान केलंस गं" म्हणाले.

आम्ही विमानाने जाणार हे कळल्यावर चाळीतला जो तो शास्त्रज्ञ झाला. खालच्या मजल्यावरच्या सावंतांचं म्हणणं, विमानात कानातलं यंत्र चालू ठेवलं तर आपलं बोलणं पायलटला ऐकू जातं. कोणी म्हणालं, वर गेल्यावर यंत्र कानात फुगतं. संदेश तर काय, सतत मोबाइलवर व्हिडिओ बघतो, त्याला जगातलं सगळं येतं. "आत्या, बॅटरीवालं सगळं चेक-इनच्या बॅगेत टाक. केबिनमध्ये ब्लास्ट होतं. मी बघितलंय."

"कुठे बघितलंस?"

"अगं, रील होतं ना."

मी वाद घालणार होते, पण त्याने आदल्या दिवशी दुपारीच बॅगा भरून कुलपं लावली होती. खोळ घातलेली डबी मोठ्या बॅगेत तळाशी गेली. दादाचे कान त्या दिवशी सकाळी चार्ज झाले होते तेवढेच. रात्रीही त्याने ते काढले नाहीत. वहिनी झोपेत काय बडबडते ते एकदा ऐकायचं होतं म्हणे.

विमानतळ

विमानतळ आमच्या घरांपासून इतका जवळ, आणि आम्ही त्याच्या आत पाऊल कधी ठेवलं नव्हतं. वाकोल्याला माझी एक मैत्रीण राहते. डोक्यावरून विमान गेलं की ती वाक्य अर्ध्यात थांबवते, विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करते. आम्हा उपनगरातल्या लोकांचा विमानाशी संबंध तेवढाच.

तपासणीच्या रांगेत आधी आमचा नारळ गेला. वहिनीने नरसय्याच्या घरच्यांसाठी दिला होता. मोकळ्या हाताने कोणाच्या घरी जायचं का? जवान म्हणाला, नारळ चालत नाही. मी म्हटलं, सुका चालत नाही असं ऐकलंय, त्यात तेल असतं, पेट घेतो; हा ओला आहे, यात पाणी आहे. त्याने शेजारच्या जवानाला विचारलं. शेजारचा म्हणाला, ओला चालत नाही, सुका चालतो. दोघांची दोन मतं, आणि नारळ मात्र दोघांच्या मते टोपलीत. विज्ञानाचा असा निवाडा मी वर्गात कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात पुढे उभ्या जवानाने दादाच्या कानाकडे बोट दाखवलं. "ये इयरफोन निकालो! जो भी इलेक्ट्रॉनिक है, सब ट्रे में!"

इथे दादाचा स्वभाव सांगायला हवा. गिरणीच्या गेटावर रोज सुटताना झडती व्हायची, कोणी कापड नेत नाही ना म्हणून. झडतीवाल्याने सांगायच्या आत खिसे उलटे करायचे, वाद घालायचा नाही, मान खाली घालून सुटायचं, ही सवय त्याच्या हाडात मुरलेली. त्याने दोन्ही कान काढले, ट्रेमध्ये घड्याळाशेजारी ठेवले आणि चौकटीतून पलीकडे गेला. मी बायकांच्या रांगेत, पडद्यापलीकडे.

मला आवाज आला तो जवानाचा. "हाथ ऊपर! अरे हाथ ऊपर करो! घूमो! सुनाई नहीं देता क्या?"

नाही देत! त्याला ऐकू येत नाही! ज्याने येत होतं ते तूच आत्ता काढायला लावलंस! हे मी पडद्याआडून ओरडले तेव्हा माझी तपासणी करणारी मुलगी दचकली. मी बाहेर आले तर दादा लोकांच्या मधोमध उभा. जवान त्याच्या तोंडासमोर चुटकी वाजवतोय, मागची रांग वैतागलेली, कोणीतरी म्हणतोय "अंकल को समझाओ यार." आणि दादा आपल्या मनाने एकेक करून बघतोय. खिसे उलटे केले, पट्टा काढला, मग चपला काढल्या. आणखी काय काढायचं ते कळत नव्हतं म्हणून त्याने शर्टाच्या वरच्या बटणाला हात घातला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी डोकं फिरलं. मी त्या जवानाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो पोरसवदा होता, कुठल्यातरी लांबच्या राज्यातला. शेवटी तोही ओशाळला. पण एक बोर्ड लावता येत नाही? कानाचं यंत्र काढायचं नाही, एवढी चार शब्दांची सूचना? परफ्यूमच्या जाहिरातींना तिथे भिंती पुरत नाहीत.

दादाने कान पुन्हा घातले आणि पहिलं वाक्य ऐकलं ते माझं भांडण. म्हणाला, "कित्याक भांडतंस? तेका काय म्हायती? चल."

गेटवर

गेटापाशी बसतो न बसतो तोच माझ्या नावाचा पुकारा झाला. मला एका कोपऱ्यात नेलं. तिथे टेबलावर आमची मोठी बॅग उघडी, आणि मधोमध गुलाबी खोळीतली डबी. दोन अधिकारी तिच्याकडे लांबून बघत होते. एकाने पेनाच्या टोकाने पिवळ्या फुलाला हळूच ढोसलं.

"मॅडम, ये क्या है?"

मी सांगितलं. खोळ काढली. तो म्हणाला, यात लिथियमची बॅटरी आहे, ही पॉवर बँकेत मोडते, सामानाच्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते. का, तर तळाशी सामानात पेट घेतला तर कोणाला कळणार नाही. माणसांमध्ये पेटली तर विझवता येते. मला हे शंभर टक्के पटलं. उत्तम विज्ञान आहे. संदेशच्या रीलच्या बरोब्बर उलट. मी म्हटलं, "मग द्या, पर्समध्ये टाकते."

त्याने डबी उलटी केली. पुन्हा उलटी केली. "इस पे कुछ लिखा नहीं है." बॅटरी किती क्षमतेची, कोणत्या कंपनीची, यातलं काहीच नाही. लिहिलेलं नसेल तर जवळही चालत नाही आणि बॅगेतही चालत नाही.

ते सगळं लिहिलेलं खोबरेलात विरघळून भटवाडीच्या मोरीतून कधीच वाहून गेलं होतं. मी डॉक्टरची चिठ्ठी दाखवली, पार्ल्याच्या दुकानाचं बिल दाखवलं. मोबाइलवर त्याच डबीचा फोटो दाखवला, स्टिकरसकट. तो म्हणाला, "फोटो वाली हो सकती है, ये वाली क्या पता." कानाच्या डबीवर म्हाताऱ्याचं ऐकणं अवलंबून आहे, हे मी मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, शेवटी इंग्रजीतही सांगितलं. नियम म्हणजे नियम. विमानाचं दार बंद होत होतं. डबी टोपलीत गेली. खोळ तेवढी त्याने मला परत केली, घडी घालून, आदराने.

एवढी मोठी कंपनी, आणि अशा महत्त्वाच्या गोष्टी डबीवर कोरता येत नाहीत? चिकटवायच्या? आमच्या घरी पितळेच्या डब्यावर आजीचं नाव कोरलेलं आहे, ते अजून वाचता येतं.

दादाला मी विमानात बसल्यावर सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, आता कान किती चालतील? मी म्हटलं, असतील तेवढे. त्याने लगेच दोन्ही कान काढले, रुमालात गुंडाळले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. "राखून ठेवतंय," म्हणाला, "नरसय्यासाठी."

आयुष्यातलं पहिलं विमान. पंख थरथरतात ते, ढगात शिरताना होतो तो घरघराट, हवाई सुंदरीची घोषणा, यातलं काहीही त्याने ऐकलं नाही. खिडकीला नाक लावून बसला होता. खाली मिठागरं दिसली तेव्हा माझा हात दाबला. मी त्या वेळी खिडकीपेक्षा तक्रार कुठे करायची त्याचाच विचार करत होते, हेही सांगून टाकते.

हैदराबादहून पुढे

पुढचा प्रवास गाडीने. हैदराबादची वस्ती मागे पडली की मोठमोठे धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसतात, मग भाताची खाचरं. दादा खुणेने म्हणाला, गावासारखंच आहे. वाटेत एका खानावळीत ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची चटणी खाल्ली. चटणी अशी झणझणीत की माझ्या कानांतून वाफा आल्या. कोंबडीचा रस्साही चांगला होता, पण दादाने मासे नाहीत म्हणून वाढणाऱ्या बाईकडे सहानुभूतीने पाहिलं. पाणी मात्र मागितल्याबरोबर तांब्याभर मिळालं, ते विमानतळावरच्या अनुभवानंतर मला फार मोठं वाटलं.

सबंध रस्ताभर गाडीत कुठूनतरी बारीक शिट्टी वाजत होती. कुईंऽऽ. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मी ड्रायव्हरला म्हटलं, तुमच्या एसीतून आवाज येतोय. तो म्हणाला, एसीतून नाही, मॅडम, तुमच्या मोबाइलमधून येतोय. मी मोबाइल बंद केला, शिट्टी चालूच. त्याने एसी बंद केला, तरीही चालूच. आम्ही दोघं घामाघूम होऊन एकमेकांवर चिडलेले, आणि दादा शांत, छातीवर खिशापाशी हात ठेवून झाडं बघतोय.

सिरसिल्ला

गावात शिरलो आणि गाडीच्या काचा थरथरायला लागल्या. गल्लीगल्लीत, घराघरात यंत्रमाग. खटखटखटखट, त्याला श्वास म्हणून नाही. दादाला यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण गाडीतून उतरून त्याने जमिनीवर पाय ठेवला आणि जागीच थांबला. मग चपला काढल्या. अनवाणी उभा राहून माझ्याकडे बघून हसला. "साचे," म्हणाला.

नरसय्याचा मुलगा श्रीनिवास आम्हाला घ्यायला दारात आला. काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. मी काहीतरी म्हणाले, त्याला ऐकू आलं नाही. पुढच्या पडवीत त्याचे माग चालू होते, मागच्या खोलीत नरसय्याची खाट. उंचापुरा गडी आता अंगाने ओसरला होता, पण खांदे तसेच रुंद. त्याने दादाला पाहिलं. हात वर केला, अंगठा ओठांकडे नेला. दादाने दोन बोटं हवेत फिरवली. आणि सुरू झाले की दोघं!

मी असं बोलणं कधी पाहिलं नव्हतं. भुवया, गाल, खांदे, बोटं, सगळं चाललेलं. मधेच नरसय्या माझ्याकडे बघून पोट धरून हसला. मी ओरडून विचारलं, "काय सांगितलंस याला?" दादाने पुन्हा करून दाखवलं. दोन बोटांचा चष्मा, आणि मग एक बोट उगारून थयथयाट. म्हणजे मी! विमानतळाचं अख्खं प्रकरण त्याने एवढ्यात सांगून टाकलं होतं, जवानाच्या चुटकीसकट.

त्या खोलीत कान शाबूत असलेली मी एकटीच बहिरी होते. पण मला दादाचा हट्ट माहीत होता. त्याने रुमालाकडे बोट दाखवलं, मग नरसय्याच्या गळ्याकडे, मग स्वतःच्या कानाकडे. नरसय्या आधी लाजला. मग त्याने मुलाला हाक मारली, म्हणजे खाटेच्या लोखंडावर वाटी आपटली.

श्रीनिवासने माग बंद केले. एकेक करत. शाळेच्या गणवेशाचं कापड द्यायची घाई होती, हे त्याने मागाहून सांगितलं, पण त्या वेळी तोंडावर काही दाखवलं नाही. शेवटचा माग थांबला आणि अशी शांतता झाली की स्वयंपाकघरातल्या कुकरची वाफ ऐकू आली. त्या शांततेत मला पुन्हा ती शिट्टी ऐकू आली. कुईंऽऽ. दादाच्या खिशातून.

यंत्रं चालूच होती! बटण नाही ना! डबीत ठेवली तरच ती बंद होतात. रुमालात गुंडाळली की एकमेकांचा आवाज एकमेकांना ऐकवत शिट्ट्या घालत बसतात. विमानापासून इथपर्यंत दादा ज्यांना जिवापाड राखत होता, ते कान खिशातल्या खिशात बॅटरी जाळत आले होते. शिट्टी ऐकू न येणारा तोच एकटा, आणि ज्यांना येत होती ते आम्ही एसीवरून भांडत होतो.

दादाने कान घातले. डोळे मिटले. नरसय्या खाकरला. "काय बोलू रे, परब?"

"कायपण बोल."

नरसय्याने थोडा विचार केला. आणि म्हणाला, "चहा मारायचा काय?"

पाळीत रोज अंगठा ओठाला लावून तो जे विचारायचा तेच. दादाने डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ही बाय कोण बोलता?"

"कोण बाई?"

"इंग्लिशमधी बोलता. बॅटरी लो म्हणता."

मी आजवर पुष्कळ निर्लज्ज माणसं पाहिली, पण त्या यंत्रातल्या बाईइतकी नाही. त्या माणसाच्या कानात, त्या क्षणी, मध्ये तोंड घालून! मी ओरडले, "नरसय्या, बोल, बोल, थांबू नको!" आणि तो बिचारा घाबरून बोलत सुटला. मुलाचं नाव, नातीचं नाव, मोडलेली मांडी, कोणत्या बाजूचा साचा सारखा धागा तोडायचा, मुकादमाच्या मिशा. मराठी, हिंदी, तेलुगू, जे तोंडाला येईल ते. दादा खाटेच्या काठावर पुढे झुकून बसला होता, दोन्ही तळवे कानांवर ओंजळीसारखे धरून. मग त्याचे हात हळूहळू खाली आले. नरसय्या बोलतच होता. दादाने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि मान हलवली. संपलं.

थोड्या वेळाने नरसय्याने अंगठा ओठांना लावला. दादाने मान डोलावली. चहा आला. श्रीनिवासने माग सुरू केले.

परत

निघताना नरसय्याच्या सुनेने मला कुंकू लावून नारळ दिला आणि दादाच्या खांद्यावर घरी विणलेला टॉवेल घातला. नारळ परतीच्या तपासणीत गेला, वेगळं सांगायला नको. कान मात्र गेले नाहीत. दादा ते ट्रेमध्ये ठेवायला निघाला होता, मी त्याचा हात धरला आणि जवानाला आधीच सांगितलं. तिथल्या जवानाने नुसती मान डोलावली, स्वतःचे हात वर करून दादाला दाखवले, दादाने तसे वर केले, झालं. तीन सेकंदांचं काम. मग मुंबईला ते सुचायला काय झालं होतं, या विचाराने मी विमानभर नव्याने तापले.

पार्ल्याच्या टायवाल्याकडे गेले तर म्हणाला, डबी वेगळी मिळत नाही, पूर्ण सेट घ्यावा लागतो. पुढचं संभाषण मी तिथल्या गिऱ्हाइकांच्या आठवणींवर सोडते. डबी वेगळी मिळाली. वहिनीने तिला जुनीच खोळ घातली, पण स्टिकरला हात लावला नाही. उलट खोळीला तळाशी एक छोटी खिडकी ठेवली.

मी दादाला विचारलं होतं, कसा होता रे आवाज? म्हणाला, "बारीक गो. एवढो धिप्पाड माणूस आणि आवाज बघ. माका वाटला होता ढोलासारखो असतलो." आणि खूश होऊन हसला. पण दोनचार वाक्यं ऐकली न ऐकली तोच तुटलं, ही माझ्या मनातली ठसठस काही गेली नाही. म्हणून परवा भटवाडीला गेले तेव्हा संदेशला बसवून कान मोबाइलला जोडून घेतले. फोन थेट कानात ऐकू येतो, हीच त्या यंत्राची सगळ्यात मोठी जाहिरात. फोन हे ऐकणाऱ्यांचं यंत्र म्हणून दादाने आजवर त्याला हातही लावला नव्हता. मी श्रीनिवासला सांगून ठेवलं होतं, माग बंद करायचे आणि फोन वडिलांच्या हातात द्यायचा. डबी भरलेली, कान भरलेले, रेंज पूर्ण. आता बघू कोण मध्ये बोलतं ते.

घंटी वाजली. श्रीनिवासच्या मुलीने व्हिडिओ कॉल लावला होता. पडद्यावर नरसय्या दिसला, मागे माग तसेच धडधडताहेत. त्याने अंगठा ओठांना लावला.

दादाने दोन्ही कान काढले, डबीत ठेवले, खोळ घातली. मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला, बाह्या वर सारल्या.

मी ओरडलेच. "दादा! अरे, कान! आवाज कसा येणार त्याचा?"

त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "आवाज आयकलंय ना तेचो," म्हणाला. "आता जरा बोलूक दी गो."